ठोके जागेवर आले, तरी गोळी चालूच का?

हृदयाचे ठोके अनियमित झाले की घरात दोन तऱ्हेच्या गोळ्या येतात. एक ठोके ताळ्यावर ठेवणारी आणि दुसरी रक्त पातळ करणारी. पहिलीचा गुण लगेच कळतो. धडधड थांबते, जिना चढताना लागणारा दम कमी होतो. दुसरीचा गुण कधीच दिसत नाही, कारण तिचे काम एक गोष्ट घडू न देण्याचे आहे. म्हणून बरे वाटायला लागले की सगळ्यात आधी बंद होते ती हीच गोळी. लकव्याला वाट मोकळी होते तीही इथेच.

छत्रपती संभाजीनगरात हृदयाची तपासणी करून घ्यायला जालना, बीड, बुलढाण्याकडूनही माणसे येतात. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असो की जालना रोडवरच्या खासगी दवाखान्यात, डॉक्टरांपुढे मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांत हे सगळे सांगून होत नाही. म्हणून सुरुवातीपासून क्रमाने पाहू. औषध कोणते आणि किती, हे मात्र आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

सुरुवात नाडीपासून. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अधूनमधून एखादा ठोका गळाला तर ते बहुतेक वेळा साधे असते. पण ठोक्यांना तालच नसेल, एक लवकर पडतो, पुढचा उशिरा, एक ठणठणीत लागतो, दुसरा लागेल न लागेल असा, तर ईसीजी काढून घ्या. रक्तदाब मोजायच्या पुष्कळ डिजिटल यंत्रांवर अनियमित ठोक्यांचे एक छोटे चिन्ह येते. घरचे लोक वरचा-खालचा आकडा वहीत लिहितात आणि चिन्हाकडे बघतही नाहीत.

ईसीजी ज्या क्षणी काढला त्या क्षणाचेच सांगतो. हा त्रास पुष्कळांना येऊन-जाऊन असतो. सोमवारी धडधड झाली, गुरुवारी ईसीजी काढला आणि तो चांगला आला, म्हणून ‘काही निघालं नाही’ असे धरून चालू नका. अशा वेळी डॉक्टर छातीला होल्टर लावतात. हे चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोके नोंदवणारे छोटे यंत्र आहे. थायरॉइडची तपासणीही सांगतात, कारण थायरॉइड वाढल्यानेही ठोके असे बिघडतात.

आता गुठळी होते कशी ते बघू. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन, म्हणजे कर्णिका, रक्त गोळा करून खाली सोडतात. खालचे दोन, म्हणजे जवनिका, ते फुप्फुसांत आणि शरीरभर ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात, ज्याला डॉक्टर थोडक्यात एएफ म्हणतात, वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कर्णिकेला बोटाएवढी एक पिशवी असते, तिचे दुसरे टोक बंद. थरथरीमुळे तिथले रक्त रेंगाळते. वाहत्या पाटात शेवाळ धरत नाही, पाणी साचलेल्या कोपऱ्यात धरते, तसाच हा प्रकार. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेतल्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत सापडतात.

इथून सुटलेली गुठळी महाधमनीत येते आणि बऱ्याचदा थेट मेंदूकडे जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षे जो अभ्यास झाला, त्यातून १९९१ साली दिसले की एएफ असलेल्यांना लकव्याचा धोका जवळजवळ पाचपट असतो. शिवाय गुठळी मोठी असल्यामुळे झटकाही मोठा येतो. अर्धे अंग आणि वाचा एकदमच जाते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही, अशक्तपणाही येत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढतो, एवढेच. झालेली गुठळी ही गोळी स्वतः विरघळवत नाही. नवी होऊ देत नाही आणि आहे ती वाढू देत नाही.

पुढचा टप्पा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा. आपल्या भागासाठी मी याला सगळ्यात महत्त्वाचे मानतो. लहानपणी घशाचा संसर्ग, मग सांधे सुजून ताप, आणि त्यातून वीस-तीस वर्षांनी हृदयाची डावी झडप आखडणे, हा संधिवाताच्या तापाचा आजार श्रीमंत देशांत जवळपास संपला आहे. आपल्याकडे तो अजून आहे. बायकांत जास्त दिसतो, आणि बाळंतपणात दम लागला तेव्हा पहिल्यांदा कळला असेही होते. अशा आखडलेल्या झडपेसोबत एएफ असेल तर गुठळीचा धोका पाचपटीहूनही कितीतरी जास्त असतो.

अशा रुग्णाला कोणती गोळी द्यायची, याचे उत्तर २०२२ साली इन्व्हिक्टस नावाच्या अभ्यासाने दिले. भारतासह अनेक देशांतल्या, संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर तो झाला. नव्या पिढीची रिव्हारोक्साबॅन ही गोळी घेणाऱ्यांपेक्षा जुनी, रक्त तपासून द्यावी लागणारी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी लागते. तिथे डॅबिगॅट्रान देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ साली थांबवावा लागला, कारण गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. शेजाऱ्याला ‘तपासणी न लागणारी नवी गोळी’ मिळते म्हणून आपणही तीच मागायची, यात आखडलेल्या किंवा धातूच्या झडपेच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. आधी इकोचा कागद काढा आणि झडपेबद्दल काय लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारा.

झडप अशी बिघडलेली नसेल तर गोळी लागेल की नाही हे गुणांवरून ठरते. हृदय कमजोर असेल तर १ गुण, रक्तदाब १, मधुमेह १, पूर्वी हार्ट अटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर १. वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा अधिक असेल तर २. आधी लकवा येऊन गेला असेल तर २. स्त्रियांना १ गुण जास्त धरायची पद्धत होती. युरोपच्या २०२४ च्या नियमावलीत तो गुण काढून टाकला आहे. या नव्या मोजणीत २ किंवा जास्त झाले की गोळी द्यावी, १ असेल तर रुग्णाशी बोलून ठरवावे, असे त्यात सांगितले आहे.

समजा, गारखेड्यातल्या एक आजी आहेत. वय ७२, रक्तदाब आहे, साखर आहे. त्यांचे झाले ३. धडधड महिन्यातून एकदाच होते की रोज, याचा या बेरजेशी संबंध नाही. एएफ येऊन-जाऊन असला तरी गुण तेवढेच.

याच आजींचा किडनीचा रिपोर्ट जवळून बघू. क्रिएटिनिन १.१, आणि कागदावर शेजारी ‘नॉर्मल’ची मर्यादा, म्हणून घरात सगळे निर्धास्त. आता वय ७२, वजन ५२ किलो. १४० मधून वय वजा केले की ६८. त्याला वजनाने गुणले की ३५३६. याला ७२ (हा सूत्रातला ठरलेला आकडा, वय नव्हे) गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे ७९.२ ने भागले की साधारण ४४.६. स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचे, म्हणजे आले ३८. तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे नॉर्मल दिसणाऱ्या रिपोर्टमागे किडनी निम्म्याहून कमी काम करते आहे. रिव्हारोक्साबॅनचा नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम, पण आजींना तो १५ लागेल. ॲपिक्साबॅनचे गणित वेगळे आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच डोस निम्मा होतो. आजींना एकच लागू आहे, म्हणून पूर्ण डोस, ५ मिलिग्रॅम दोन वेळा. बारीक चणीच्या म्हातारीला ‘कशाला जास्त’ म्हणून अर्धी गोळी देणे ही चूक फार होते. अर्ध्या डोसात गुठळीपासून पुरेसे रक्षण होत नाही. म्हणून तपासणीला जाताना वजन करूनच जा.

रक्तस्रावाचा धोकाही डॉक्टर मोजतात, पण तो मोजतात कमी करण्यासाठी. रक्तदाब आटोक्यात आणणे, दारू सोडणे, विनाकारण चालू असलेली वेदनाशामके बंद करणे, ही ती कामे. ‘आई मधूनमधून पडते, म्हणून गोळी नको’ हे घरोघरी ऐकू येते. पडण्याची भीती हे एकटे कारण गोळी नाकारायला पुरत नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, गोळी चालू ठेवावी.

आणि ॲस्पिरिन. इकोस्प्रिनची पट्टी इतक्या घरांत आहे की ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ म्हणणारे पुष्कळजण तीच दाखवतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला ती उपयोगी आहे. एएफच्या गुठळीला ती पुरत नाही. २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांना ॲस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहूनही कमी लकवे आले, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच झाला. दोन्ही गोळ्या एकदम चालू असतील तर ‘दोन्ही लागतात का, किती दिवस?’ हे स्पष्ट विचारा. स्टेंट बसवल्यानंतर काही काळ त्या एकत्र लागतात, जन्मभर सहसा नाही.

जुनी गोळी म्हणजे वॉरफेरिन, किंवा ॲसिट्रोम या नावाने ओळखले जाणारे ॲसिनोकुमारॉल. ‘हे उंदराचं औषध आहे’ असे कुणी सांगून घाबरवेल. वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आले, हे खरे आहे. १९५४ पासून ते माणसांना मोजून दिले जाते आणि त्याने असंख्य लकवे टळले आहेत. मोजून, हेच त्यात महत्त्वाचे. त्यासाठी पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी असते.

त्या तपासणीच्या कागदावर तीन आकडे असतात. ‘टेस्ट’ ३१.२ सेकंद, ‘कंट्रोल’ १२ सेकंद आणि खाली आयएनआर २.६. फोनवर डॉक्टरांना सांगताना लोक ३१ हा आकडा सांगतात आणि पलीकडचा माणूस घाबरतो. आपल्याला हवा तो शेवटचा, आयएनआर. एएफमध्ये तो २ ते ३ मध्ये असावा. धातूच्या झडपेला थोडा जास्त लागू शकतो, तो डॉक्टर लिहून देतील. २ च्या खाली गुठळीचा धोका, ३ च्या बराच वर गेला तर रक्तस्रावाचा.

सुरुवातीला ही तपासणी दर काही दिवसांनी, मग आठवड्याने, आणि आकडा स्थिर झाला की महिन्याने. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळेला घ्या, म्हणजे सकाळी रक्त देऊन दुपारी रिपोर्ट आला की त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो. बदलाचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. आज १.६ आला म्हणून मनानेच दुप्पट घेतली, तर आकडा चार दिवसांनी उसळतो.

ॲसिट्रोमच्या गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या ताकदीच्या मिळतात. ‘एक दिवस दोन, एक दिवस तीन’ असे लिहिलेले असले की घरात वाद होतो, काल दोनची घेतली की तीनची? भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या-त्या तारखेच्या चौकटीत डोस आधीच लिहून ठेवा आणि घेतली की बरोबरची खूण करा. नवी पट्टी आणली की मिलिग्रॅमचा आकडा वाचल्याशिवाय दुकानातून निघू नका.

जेवणाचे काय? मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर, सगळ्या हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी सोडायची नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. अडचण येते ती थंडीत, भाजी स्वस्त झाली की रोज मेथी आणि उन्हाळ्यात महिनाभर नाही, तेव्हा. श्रावणातले उपवास, रमजानचे रोजे, लग्नसराई, जेवणाची घडी बदलली की एक जास्तीची आयएनआर करून घ्यावी.

दुसऱ्या औषधांचे प्रकरण यापेक्षा गंभीर आहे. जुलाबावरचे मेट्रोनिडाझोल, नायट्यासाठीचे फ्लुकोनाझोल, लघवीच्या जळजळीवरचे काही अँटिबायोटिक आयएनआर झपाट्याने वाढवतात. टीबीचे रिफाम्पिसिन तो पाडते. गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि हे नव्या गोळ्यांनाही लागू आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरे, तेही डॉक्टरांना विचारून. काढे, चूर्ण, झाडपाला चालू असेल तर लपवू नका. गावाकडे ताप आला की कंबरेत इंजेक्शन मारून घ्यायची सवय आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्या जागी स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ होते. सुई टोचण्याआधी ‘मला ही गोळी चालू आहे’ हे आपणच म्हणायचे.

नव्या गोळ्यांपैकी आपल्याकडे जास्त दिसतात त्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन. यांना आयएनआर लागत नाही, भाजीचे पथ्य नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण वॉरफेरिनपेक्षा कमी. पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती उतरल्या. जनऔषधी केंद्रातही विचारून बघा. मात्र आयएनआर लागत नाही म्हणजे तपासणीच नाही, असे नाही. किडनीची तपासणी आणि हिमोग्लोबिन वर्षातून निदान एकदा, आणि आपल्या आजींसारख्यांना त्याहून जास्त वेळा. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार असतो. त्यात जुलाब-उलट्या होऊन लघवी कमी झाली की किडनी मंदावते आणि गोळी अंगात साठते, डॅबिगॅट्रान तर जास्तच. असे झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

या गोळ्यांचा असर साधारण दिवसभरात ओसरतो. वॉरफेरिनचा एक दिवस चुकला तर थोडाफार असर उरतो, यांचा उरत नाही. औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा, ‘चारच दिवसांच्या द्या, पगार झाल्यावर बाकीच्या’ हे ऐकू येईल. पैशांची ओढ खरी आहे, म्हणूनच ती डॉक्टरांना सांगितली पाहिजे. कमी किमतीची कंपनी किंवा जुनी गोळी, असा मार्ग निघतो. अधूनमधून खंड पडलेली महाग गोळी मात्र उपयोगाची नाही.

रिव्हारोक्साबॅन भरल्या पोटी घ्यायची, नाहीतर ती नीट अंगी लागत नाही. उपवास असेल तर फराळासोबत घ्या. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, भरपूर पाण्याबरोबर अख्खी गिळायची. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरली तर ठरल्या वेळेपासून सहा तासांपर्यंत घ्यावी, एकदाची असेल तर बारा तासांपर्यंत. त्यानंतर ती सोडून द्यावी. पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. ठोके ताळ्यावर आणायला औषधे आहेत, विजेचा हलका झटका आहे आणि ॲब्लेशन आहे, म्हणजे मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन गडबड करणारी जागा निकामी करणे. विजेच्या झटक्याआधी, एएफ सुरू होऊन किती वेळ झाला ते माहीत नसेल, तर तीन आठवडे गोळी बिनचूक घ्यावी लागते, किंवा अन्ननलिकेतून इको करून पिशवीत गुठळी नाही याची खात्री करतात. का? कारण कप्पा पुन्हा आकुंचन पावू लागला की आत बसलेली गुठळी बाहेर ढकलली जाते. झटक्यानंतर ईसीजी सरळ दिसतो, पण कप्प्यात जोर यायला काही आठवडे लागतात. म्हणून पुढे निदान चार आठवडे गोळी हवीच. याच काळात ‘आता ठोके बरोबर आहेत’ म्हणून ती सोडणे सगळ्यात धोक्याचे.

त्यानंतरही, ॲब्लेशन यशस्वी झाले तरीही, गोळी चालू ठेवायची की नाही हे ठोक्यांवर ठरत नाही, त्या गुणांवर ठरते. वय, रक्तदाब आणि साखर ॲब्लेशनने जात नाहीत. एएफ रात्री झोपेत गुपचूप येऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. २००२ साली अफर्म नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार हजारांहून अधिक रुग्ण होते. ठोके पूर्ववत करण्याचा प्रयत्न केलेले आणि फक्त वेग आवरलेले, असे दोन गट केले होते. दोन्ही गटांत ज्यांना लकवा आला, त्यांतल्या बहुतेकांची वॉरफेरिन बंद झालेली होती किंवा आयएनआर २ च्या खाली होता.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूचे ऑपरेशन असेल, तर गोळी आपल्या मनाने आठवडाभर बंद करू नका. एखादा दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नव्या गोळ्या साधारण एक ते तीन दिवस आधी थांबवतात, वॉरफेरिन पाच दिवस. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे बोलणे आपणच घडवून आणायचे, आणि पुन्हा सुरू करायची तारीख लिहून घ्यायची. थांबवल्याचे सगळ्यांना आठवते, सुरू करायचे राहून जाते.

दात घासताना थोडे रक्त किंवा हातावर एखादा निळा डाग, याने घाबरू नका, पुढच्या भेटीत सांगा. डांबरासारखी काळी शौच, लघवीत रक्त, दहा-पंधरा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे नाकातले रक्त, डोक्याला मार लागणे (वरून जखम दिसत नसली तरी), असे काही झाले तर त्याच तासाला रुग्णालयात जा.

तोंड वाकडे झाले, हातातला पेला गळाला, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. पैठणहून शहरात यायलाच तास-सव्वा तास जातो, त्यामुळे मालिश किंवा गावातल्या उताऱ्यात वेळ घालवायला जागा नाही. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. घरची इकोस्प्रिनही नको, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो अशाच ठिकाणी जा. घाटीत किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्याच डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, रक्त पातळ करणारी गोळी कोणती, आणि तिचा शेवटचा डोस किती वाजता घेतला. विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे की तार घालून गुठळी काढायची, हे बरेचसे या उत्तरांवर ठरते. म्हणून उरलेली पट्टी आणि आयएनआरचा शेवटचा कागद सोबत घेऊनच घराबाहेर पडा.